बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट, तरी ती मध्येच का तुटते?

पनवेल : देशातल्या साडेसात कोटी बीपी आणि शुगरच्या रुग्णांना २०२५ संपेपर्यंत नियमित उपचाराखाली आणायचं, असं केंद्र सरकारने १७ मे २०२३ रोजी जाहीर केलं होतं. तो दिवस जागतिक उच्च रक्तदाब दिनाचा. मार्च २०२५ मध्ये सरकारने प्रगतीचा आकडा दिला. बीपीचे ४ कोटी २० लाख आणि शुगरचे २ कोटी ५२ लाख रुग्ण उपचाराखाली आले, म्हणजे उद्दिष्टाच्या जवळपास ९० टक्के काम झालं, असं सांगितलं गेलं. आता ती मुदतही संपली आहे.

आकडा मोठा आहे आणि त्यामागे आशाताई, नर्सताई, डॉक्टर यांची मेहनत आहे, हे मान्यच करायला हवं. पण गावाकडून बघितलं तर प्रश्न वेगळा पडतो. नाव नोंदलं, कार्ड मिळालं, पहिल्या महिन्याची गोळीही मिळाली. मग चौथ्या महिन्यात ती गोळी चालू आहे का? आणि चालू असेल तर बीपी खाली आला का? 'उपचाराखाली आहे' आणि 'बीपी आटोक्यात आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी आकडा पहिलीबद्दल बोलतो. माणूस लकव्यापासून वाचतो तो दुसरीमुळे.

शंभरातले पंधरा

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावर मोठा अहवाल काढला. त्यात भारताचं चित्र असं होतं : ३० ते ७९ वयाच्या १८ कोटी ८३ लाख लोकांना बीपीचा त्रास. त्यातल्या १०० पैकी फक्त ३७ जणांना आपल्याला बीपी आहे हे माहीत. ३० जण औषध घेतात. आणि ज्यांचा बीपी खरोखर आटोक्यात आहे असे फक्त १५.

हे गावाच्या हिशेबात मांडून बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ वर्षांवरच्या साधारण २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के बायांचा बीपी वाढलेला, किंवा त्यासाठी औषध चालू असलेलं आढळलं. म्हणजे चारशे मोठी माणसं असलेल्या गावात नव्वदच्या आसपास लोक बीपीवाले. वरचं प्रमाण लावलं तर त्यातल्या तेहतीस जणांना ते ठाऊक, सत्तावीस जण गोळी घेणारे आणि आटोक्यात असलेले तेरा-चौदा. हिशेब ढोबळ आहे, दोन्ही पाहण्यांचे वयोगटही वेगळे आहेत. पण ग्रामपंचायतीला विचार करायला एवढा पुरे. उरलेले पंचाहत्तर जण आज शेतावर जातायत, कंपनीत जातायत, बाजाराला जातायत. त्यांना काही दुखत नाही. तिथेच सगळी गोची आहे.

दुखत नाही म्हणून बंद

बीपीच्या दुखण्याचा स्वभावच असा आहे की ते वर्षानुवर्षं गप्प बसतं. रक्तवाहिनीवर आतून दाब पडत राहतो. मेंदूतली वाहिनी फुटली किंवा तुंबली की अंगावरून वारं जातं, हृदयाकडे गेलं तर झटका, मूत्रपिंडाकडे गेलं तर डायलिसिस. तोपर्यंत डोकं दुखलंच पाहिजे, चक्कर आलीच पाहिजे असं काही नाही. दवाखान्यात नीट मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या वर वेगवेगळ्या दिवशी सापडला की डॉक्टर बीपी ठरवतात.

अशा माणसाला गोळी दिली जाते. महिनाभर घेतो, मोजायला जातो, आकडा १३० वर आलेला असतो. घरी येऊन सांगतो, "बीपी नॉर्मल झाला, गोळी बंद केली." खरं तर तो गोळीमुळे नॉर्मल असतो. पंपामुळे शेतात पाणी आलं आणि पाणी दिसलं म्हणून पंप काढून नेला, तसं हे होतं.

त्यात ॲम्लोडिपिन नावाची जी गोळी सरकारी दवाखान्यात सगळ्यात जास्त दिली जाते, ती अंगात हळूहळू भिनते आणि हळूहळू उतरते. तिचा पूर्ण असर दिसायला सात-आठ दिवस जातात. बंद केली तरी पहिले एक-दोन दिवस फारसा फरक पडत नाही. त्यामुळे माणसाला वाटतं, गोळी नाही घेतली तरी काही झालं नाही. दाब नंतर चढतो आणि तो चढलेला कळत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन ही औषधं चालू असतील तर धोका आणखी वेगळा. ती एकदम तोडली तर बीपी किंवा हृदयाचे ठोके उसळी मारू शकतात. ही कधीच मनाने बंद करायची नाहीत.

"एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही, म्हणून सुरूच नको" असंही पारावर बोललं जातं. वजन उतरलं, मीठ आणि दारू कमी झाली तर काही जणांची मात्रा डॉक्टर कमी करतात, हे खरं आहे. पण बहुतेकांना गोळी कायम लागते. कारण गोळी सवय लावते असं नाही, दुखणंच कायमचं असतं. चष्मा लावल्यामुळे कुणाचे डोळे गेले असं आपण म्हणत नाही.

सरकारी गोळी : नक्की काय मिळतं

२०१७ च्या शेवटाला भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात आहेत. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे घेतले. महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा त्यात होते. म्हणजे कोकणातल्याच एका जिल्ह्यात हे काम आधी झालेलं आहे. २०२२ पर्यंत ते १३० हून जास्त जिल्ह्यांत गेलं आणि त्याच वर्षी त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी सांगितलेली गोष्ट महत्त्वाची आहे : उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचा बीपी आटोक्यात आला होता. देशाच्या सरासरीशी ताडून बघा, फरक लगेच कळतो.

हे जमलं कसं? औषध तर जुनंच होतं. युक्ती साधी होती. डॉक्टरागणिक वेगळी गोळी न देता सगळीकडे ठरलेल्या दोन-तीन गोळ्या आणि त्यांचा ठरलेला क्रम. साधारणपणे आधी ॲम्लोडिपिन, उतार पडला नाही तर टेल्मिसार्टन जोडायची, मग मात्रा वाढवायची, तरीही नाही जमलं तर लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी क्लोरथॅलिडोन. गोळ्या मोजक्या असल्या की एकदम मोठी खरेदी होते, भाव पडतो आणि साठ्याचा अंदाज बांधता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक रुग्णाचं कार्ड. तारखेला आला नाही तर फोन जायचा किंवा आशाताई घरी जायची. आणि तिसरी, गोळी घराजवळच्या उपकेंद्रात मिळायची.

आज या उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, गावात त्यांना सीएचओ म्हणतात. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी तपासणं हे त्यांच्या कामात आहे. गोळी कोणती हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ठरवतात. पुढे दर महिन्याची गोळी उपकेंद्रातून मिळावी, अशी ही रचना आहे. डॉक्टरांचा सल्ला लागला तर ई-संजीवनीवरून मोबाइलवर बोलणं करून देता येतं. त्यातच राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार पूर्ण निःशुल्क केले. कागदावर बघितलं तर बीपीवाल्याचा एक रुपया खर्च व्हायला नको.

तुटते कुठे?

पहिली जागा अंतराची. पनवेल तालुका नकाशावर मुंबईच्या दाराशी आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. शहरात मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, उपजिल्हा रुग्णालय आहे. पण माथेरानच्या पायथ्याला मालडुंगे, धोदाणीच्या बाजूच्या वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसाला नेरे गाठायचं म्हटलं तरी गाडीची वाट बघण्यात सकाळ जाते. त्याला पंधराच दिवसांची गोळी दिली तर महिन्यातून दोन खेपा. एका खेपेची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. फुकटची गोळी मग फुकट राहत नाही. तीन-चार खेपांनंतर माणूस जायचं बंद करतो आणि वहीत शेरा पडतो, 'रुग्ण आला नाही'.

दुसरी जागा स्थलांतराची. पाऊस गेला, भात झोडून झाला की कातकरी वाड्यांतली कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला निघून जातात. सहा-सात महिने गावाबाहेर. कार्ड गावच्या उपकेंद्रात आणि माणूस दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या केंद्रात गेला तर नवीन नाव, नवीन चौकशी. मुकादमाकडून सुट्टी मिळाली तर जायचं. अशा माणसाला निघतानाच दोन-तीन महिन्यांची गोळी बांधून देणं हा सरळ उपाय आहे. २०२० च्या कोरोना काळात या उपक्रमात अनेक ठिकाणी जास्त दिवसांची गोळी एकदम दिली गेली, काही ठिकाणी घरपोचही केली. म्हणजे हे करता येतं. साथीत जमलं ते वीटभट्टीच्या हंगामात का जमू नये?

तिसरी जागा साठ्याची. औषधखरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे होती, तिच्याबद्दल तक्रारी झाल्या. २०२३ मध्ये राज्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण वेगळं काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातल्या मृत्यूंनंतर औषधांच्या तुटवड्यावर राज्यभर बोललं गेलं. बीपीच्या गोळीचा तुटवडा मात्र बातमी होत नाही, कारण त्या दिवशी कुणी मरत नाही. "आज गोळी नाही, पुढच्या आठवड्यात या" एवढंच होतं. पुढच्या आठवड्यात आवणी असते, लग्न असतं, पाऊस असतो. एक आठवड्याचे तीन महिने होतात.

चौथी जागा माणसांची. ही सगळी साखळी आशाताई आणि सीएचओच्या खांद्यावर आहे. आशा मानधनावर, सीएचओ कंत्राटावर. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला आशांचा राज्यभर संप झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. त्यांच्या मागण्या पोटाच्या होत्या, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण जी गोळी रोज लागते ती देणारं माणूस असं टांगणीला ठेवलं तर गोळीही टांगणीलाच राहणार.

मेडिकलमधून घेताना

सरकारी गोळी मिळाली नाही की माणूस मेडिकलकडे वळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. कर धरून शंभर रुपयांना मिळणारी पट्टी आता साधारण ९३ रुपये ७५ पैशांना मिळायला हवी. पट्टीवरचा जुना छापील भाव बघून पैसे देऊ नका, बिल मागा.

त्याहून मोठी बचत नावात आहे. पट्टीवर कंपनीचं ठसठशीत नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम ही वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या भावाची मिळते. जनऔषधी केंद्रात तीच गोळी ५० ते ८० टक्के स्वस्त पडते. डॉक्टरांना सरळ सांगा, "साहेब, औषधाचं मूळ नाव लिहून द्या."

एक गोष्ट नीट बघा. नावापुढे 'एएम' असेल तर बहुतेक वेळा त्यात ॲम्लोडिपिन मिसळलेलं असतं, 'एच' असेल तर लघवीवाटे मीठ काढणारं औषध. घरात आधीची साधी ॲम्लोडिपिन चालू असताना वरून 'एएम'वाली सुरू केली तर एकच औषध दोनदा पोटात जातं. मग पायाला सूज, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधार. दवाखाना बदलला की जुन्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जायच्या, हा सोपा नियम.

या गोळ्या कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या आहेत. गावात मात्र रिकामी पट्टी दाखवून गोळी आणली जाते, शेजाऱ्याचीही आणली जाते. "त्याला लागू पडली, तू पण घे" हे अंगदुखीच्या मलमाला चालेल, बीपीला नाही. टेल्मिसार्टन गरोदर बाईला अजिबात चालत नाही, पोटातल्या बाळाला त्रास होतो. मूत्रपिंड अधू असेल तर रक्त तपासूनच द्यावी लागते.

बनावट औषधाची भीती लोकांच्या मनात आहे आणि ती उगाच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेच्या यादीत पन्नासच्या आसपास औषधांचे नमुने नापास झाले, त्यात बीपीची टेल्मिसार्टनही होती. काही कंपन्यांनी तो माल आमचा नाही, कुणीतरी आमच्या नावाने काढलेला आहे असं सांगितलं. नागपुरात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या बनावट अँटिबायोटिकचं प्रकरणही त्याच वर्षी गाजलं. पण नापास होतो तो ठरावीक घाण्यातला माल, म्हणजे एक बॅच. म्हणून सगळी गोळीच सोडून देणं म्हणजे एका पोत्यात कीड निघाली म्हणून पेरणीच न करणं. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइलने स्कॅन केला की बॅच, बनवल्याची आणि मुदतीची तारीख दिसते. पक्कं बिल घेतलं असेल तर तक्रार करता येते.

आपल्याकडे जास्त जपायच्या गोष्टी

काही गोष्टी कोकणातल्या घरांना जास्त लागू आहेत.

पहिली, दमट हवा. टेल्मिसार्टन ओल ओढून घेते. पावसाळ्यात पट्टीतून सगळ्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवल्या तर त्या खराब होतात. घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढा. पट्टी चुलीजवळ किंवा मोरीजवळ ठेवू नका.

दुसरी, अंगदुखीची गोळी. आवणीच्या दिवसांत कंबर धरते, मग किराणा दुकानातूनही दुखण्याची गोळी आणून खाल्ली जाते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात. त्यात टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध चालू असेल, वर उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. दुखत असेल तर कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांना विचारूनच घ्या. जुलाब-उलट्या लागल्या तर बीपीची गोळी चालू ठेवायची की थांबवायची हेही त्याच दिवशी विचारा.

तिसरी, मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणसी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात सगळं धरून. आपल्याकडे सुकी मच्छी, पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या हे सगळं मिठातलंच. सुकट, बोंबील सोडा असं सांगून कुणी ऐकणार नाही. पण दोन-तीन पाण्यांत धुऊन घेतलं आणि त्या कालवणात वरून मीठ घातलं नाही तर फरक पडतो. बाजारात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं. त्यात पोटॅशियम असतं. काहींना ते चांगलं, पण टेल्मिसार्टन घेणाऱ्याने किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तात पोटॅशियम जास्त झालं तर हृदयाला धोका असतो.

चौथी, मशेरी. घरातल्या बाया "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. ती तंबाखूच आहे, तिनेही दाब चढतो. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा, मशेरी, बिडी नको. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला. मोजताना बोलायचं नाही. घाईघाईत आल्या आल्या पट्टा बांधला तर आकडा चुकतो आणि चुकीच्या आकड्यावर गोळी ठरते.

सर्पगंधेचा धडा

पनवेलला औषध नवीन नाही. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे १८७२ पासूनचा, आणि आज तळोजा, रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात आधुनिक औषधांच्या कंपन्या आहेत. बीपीच्या औषधाच्या इतिहासात मुंबईचाही मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीवर काम केलं आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात आपल्या रुग्णांचे अनुभव मांडले. मुळीने बीपी उतरतो हे जगाने मान्य केलं. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसरपिन हे औषध वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, मुळीत औषध असतं हे खरं. दुसरी, वकिलांनी ती मोजून दिली, बीपी तपासत दिली, नोंदी ठेवल्या. पुढे रेसरपिनने काही जणांचं मन खचतं, उदासी येते हेही नोंदींतूनच लक्षात आलं. बाजारात पुडी बांधून "बीपी मुळापासून जाईल" सांगणारा यातलं काहीच करत नाही. पुडी घेणारा चालू गोळी बंद करतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. वैद्याचं औषध घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडून, दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगून आणि बीपी मोजत राहून घ्यावं.

पाच लाखांचा विमा आणि रोजची गोळी

राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. मोठी सोय आहे यात शंका नाही. पण ती मुख्यतः भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी कामी येते. रोजच्या बीपीच्या गोळीचं बिल तिच्यातून निघत नाही. लकवा झाल्यावर विमा आहे, लकवा होऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीवर लक्ष ठेवणारं कुणी नाही, असा हा उलटा हिशेब आहे.

आणि लकव्याचा खर्च दवाखान्यातच संपत नाही. कर्ता माणूस खाटेवर पडला की त्याच्याजवळ घरातलं दुसरं माणूस अडकतं. व्यायामाला न्यायची गाडी, लंगोट, औषधं आणि बुडालेली मजुरी. पनवेल, उरण, खालापूर पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आहे, त्यामुळे अशा वेळी विकायला पहिलं डोळ्यांपुढे येतं ते उरलेलं शेत. बीपीच्या गोळीचा प्रश्न म्हणून फक्त दवाखान्याचा नाही, सातबाऱ्याचाही आहे.

गावाने काय विचारायचं

सगळं सरकारवर टाकून चालणार नाही आणि सगळं रुग्णावर ढकलूनही नाही. पुढच्या ग्रामसभेत सीएचओ आणि आशाताईंना बोलावून, त्यांना आरोपीसारखं उभं न करता, पाच प्रश्न विचारता येतात :

१. गावातल्या ३० वर्षांवरच्या किती लोकांचा बीपी या वर्षी मोजला?

२. नोंदलेल्या बीपीवाल्यांपैकी गेल्या महिन्यात गोळी किती जणांनी नेली?

३. त्यातल्या कितीजणांचा बीपी शेवटच्या तपासणीत १४०/९० च्या खाली होता?

४. गेल्या सहा महिन्यांत उपकेंद्रात बीपीची गोळी किती दिवस संपलेली होती?

५. कामासाठी बाहेर जाणाऱ्यांना आणि लांबच्या वाड्यांना दोन महिन्यांची गोळी एकदम देता येईल का? नसेल तर कुणाच्या परवानगीची गरज आहे?

कुणाचं नाव जाहीर करायची गरज नाही, फक्त आकडे. उत्तरं ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यायची. गोळी संपत असेल तर ठरावाची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला द्यायची. तोंडी तक्रार विरून जाते, ठरावाला उत्तर द्यावं लागतं.

घरातल्या माणसांचं कामही आहे. गोळीची वेळ रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधा, सकाळच्या चहाला किंवा रात्रीच्या जेवणाला. पट्टीत सात गोळ्या उरल्या की नवी आणायची, शेवटची गोळी संपायची वाट बघायची नाही. मुलगा-सून पनवेलला कामाला जात असतील तर म्हाताऱ्यांची गोळी आणायचं काम त्यांनी अंगावर घ्यावं. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन खायच्या नाहीत, नेहमीची एकच घ्यायची. पाय सुजले, कोरडा ठसका लागला, चक्कर आली तर गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा, ती बदलता येते.

आणि तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन करा. लिंबू फिरवण्यात, तेल चोळण्यात वेळ घालवू नका. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो.

साडेसात कोटींच्या उद्दिष्टाचा शेवटचा हिशेब दिल्लीत मांडला जाईल तेव्हा त्यात रायगडचेही आकडे असतील. ते बरोबर आहेत की नाही हे दिल्लीतून दिसणार नाही. ते नेरेच्या, वावंजेच्या, आपट्याच्या उपकेंद्रातल्या वहीत दिसेल, आणि ती वही बघायचा हक्क गावाला आहे.